अंधेरीत बसून पाहिलेला शील्डचा हंगाम

मुंबई सिटी या फुटबॉल क्लबच्या मॅचला मुलांना घेऊन जावं का, हा प्रश्न मला पालकांकडून नेहमी येतो. डोंबिवलीत रविवारी सकाळी मी लहान मुलांना फुटबॉल शिकवतो, म्हणून विचारतात. माझं उत्तर, जरूर जावं. 2022-23 चा इंडियन सुपर लीगचा (आयएसएल) हंगाम मी लेकीबरोबर अंधेरीच्या मैदानावर बसून पाहिला आणि क्लबचं इतकं चांगलं फुटबॉल महाराष्ट्रात मी आधी पाहिलं नव्हतं. या लीगनं तो हंगाम ज्या पद्धतीनं संपवला ती मात्र मला अजिबात मान्य नाही. दोन्हींबद्दल सविस्तर लिहितो, कारण तिकिटाचे पैसे आणि घरातल्या माणसांची संध्याकाळ दोन्ही मोलाचं असतं.

मी मूळचा कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालीम संघांची मॅच बघत वाढलो. तिथं फुटबॉल हा पेठेचा आणि तालमीचा मामला असतो. कोण कुठल्या घरातला, कुणाच्या चुलत्यानं कुठल्या साली कुठला गोल मारला, हे सगळं स्टँडमधल्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ. मुंबईत आल्यावर मला सगळ्यात जास्त उणीव जाणवली ती याची. आयएसएल सुरू झाली तेव्हा मुंबई सिटी नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर खेळायची. स्टेडियम देखणं आहे, पण ते क्रिकेटचं. गोल ग्राउंडच्या मधोमध फुटबॉलचा चौकोन आखला की प्रेक्षक आणि खेळाडू यांच्यात ऐसपैस हिरवळ उरते. 2016 पासून टीम अंधेरी क्रीडासंकुलातल्या मुंबई फुटबॉल अरेनामध्ये आली. हे मैदान छोटं आहे, काही हजार माणसांत भरतं, आणि त्याचा छोटेपणा हाच त्याचा सगळ्यात मोठा गुण आहे. बॅकनं गोलकीपरला मारलेली हाक ऐकू येते. टॅकलचा आवाज येतो. मुलांना शिकवणाऱ्या माणसाला आणखी काय हवं?

करोनामुळे 2020-21 आणि 2021-22 हे दोन हंगाम सगळेच्या सगळे गोव्यात, बायोबबलमध्ये (खेळाडूंना बाहेरच्या माणसांपासून वेगळं ठेवून) उरकले गेले. मुंबईनं आपली पहिली शील्ड (साखळी सामन्यांच्या तक्त्यात पहिलं येणाऱ्याला मिळते ती) आणि पहिला करंडक (त्यानंतरच्या बाद फेरीचा, म्हणजे प्लेऑफचा) जिंकला तो त्यातल्या पहिल्याच वर्षी. अंतिम सामन्यात अगदी शेवटच्या क्षणी बिपिन सिंगनं गोल मारला आणि स्टँडमध्ये नाचायला मुंबईचं कुणी नव्हतं. त्यामुळे 2022 च्या ऑक्टोबरमध्ये घरच्या आणि बाहेरच्या मैदानांवरचे सामने परत सुरू झाले, तेव्हा आमच्यासारख्यांना थकीत पगार मिळाल्यासारखं वाटलं. 11 संघ, प्रत्येकाचे 20 सामने, त्यातले 10 आपल्या गावात. मुंबईची सुरुवात तर पुण्यात झाली. बालेवाडीत, हैदराबादविरुद्ध, 3-3. कागदावर ते हैदराबादचं घरचं मैदान होतं!

आता खेळाबद्दल, कारण खरा माल तोच. डेस बकिंगहॅम या इंग्लिश प्रशिक्षकानं बांधलेली ही टीम टीव्हीवर निम्मीच दिसायची, असं मी ठामपणे म्हणेन. कॅमेरा बॉलच्या मागे असतो. मिडफिल्डर अहमद जाहू बॉल मिळायच्या आधी दोनदा मान वळवून मागचं बघून घ्यायचा, मग पायात येताच एका टचमध्ये तो चाळीस मीटरवर फेकायचा. टीव्हीवर फक्त ते फेकणं दिसायचं. मान वळवणं बघायला स्टँडमध्येच बसावं लागायचं. मी लेकीला पहिल्या काही सामन्यांत सांगितलं होतं, बॉल बघू नकोस, दहा मिनिटं फक्त जाहूला बघ. ती लेफ्ट बॅक खेळते, त्यामुळे तिचे डोळे मंदार राव देसाईवर. मूळचा विंगर, नंतर बॅक झालेला हा गोव्याचा गडी पुढे कधी जातो आणि कधी जात नाही, हे तिनं स्वतः हेरलं. “बाबा, बिपिन आत गेला की मंदार बाहेरून जातो. बिपिन बाहेर थांबला तर तो मागेच राहतो.” हे मी प्रॅक्टिसला किती वेळा सांगितलं असेल. डोळ्यांनी पाहिल्यावर कळलं.

ग्रेग स्टुअर्ट हा स्कॉटिश खेळाडू त्याआधीच्या वर्षी जमशेदपूरला शील्ड मिळवून देऊन आला होता. समोरच्यांचे बॅक आणि मिडफिल्डर या दोन ओळींच्या मधल्या पट्ट्यात तो असा उभा राहायचा की त्याला धरायला सेंटर बॅकनं यायचं की मिडफिल्डरनं, हे समोरच्या टीमला शेवटपर्यंत ठरवता यायचं नाही. पुढे अर्जेंटिनाचा पेरेरा डियाझ. मागे सेनेगलचा उंचापुरा मुर्तदा फॉल. आणि गोलात फुर्बा लाचेन्पा, सिक्कीमचा, शांत स्वभावाचा. आमच्या ग्राउंडवरच्या गोलकीपर पोरांना मी त्याच्या पायांची ठेवण बघायला सांगतो.

पण या हंगामाचा खरा माणूस लालियानझुआला छांगटे. मैदानावर एका वेळी जास्तीत जास्त चारच परदेशी, हा नियम लीगनं 2021-22 पासून आणला आणि त्याचं फळ मला त्याच्यात दिसतं. म्हणजे कमीत कमी सात भारतीय कायम खेळणारच. त्यातून छांगटे, बिपिन, अपुइया, विक्रम प्रताप यांना नुसतं पळायला नाही, तर सामना ठरवायला मिळालं. छांगटेनं लीगमध्ये 10 गोल केले आणि हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. वेग त्याच्याकडे आधीही होता. त्या हंगामात पळता पळता मान वर करून तो पास देऊ लागला, आणि हा बदल त्याच्यात महिन्यामहिन्यानं होताना आम्ही बघितला. एकच मॅच बघणाऱ्याला हे सुख मिळत नाही, म्हणून मी म्हणतो की जमलं तर सलग सामने बघा.

एकच संध्याकाळ निवडायची झाली तर 8 जानेवारी 2023. रविवार, समोर केरळा ब्लास्टर्स. मुंबईतले मल्याळी बांधव पिवळ्या जर्सीत मोठ्या संख्येनं आलेले, मेट्रोपासूनच गजर चालू. कोल्हापूरहून माझा एक जुना मित्र आला होता, शिवाजी पेठेतला, तालमीच्या मॅचशिवाय दुसरं फुटबॉल न मानणारा. चौथ्या मिनिटाला पेरेरा डियाझ. दहाव्याला स्टुअर्ट. सोळाव्याला बिपिन. बाविसाव्याला परत पेरेरा डियाझ, आणि हा गडी आदल्या हंगामात ब्लास्टर्सकडूनच खेळलेला. बावीस मिनिटांत 4-0, आणि शेवटीही 4-0. मित्र माझा दंड धरून म्हणाला, “भावा, ह्ये गोल नुसतं मोजायचं, का बघायचं बी?” सामना संपल्यावर तो बराच वेळ जागेवरून हलला नाही. त्याला पटवायला मला बोलावं लागलं नाही, याचा आनंद मला अजून आहे. पिवळ्या जर्सीवाल्यांनीही शेवटपर्यंत ढोल थांबवले नाहीत. वेस्ट कोस्ट ब्रिगेड या मुंबईच्या चाहत्यांच्या गटाची आपली पोरं तर नव्वद मिनिटं बसतच नाहीत. वेगवेगळ्या रंगांचे लोक एकाच मेट्रोनं घरी गेले, कुणी कुणाला वेडावाकडा शब्द बोललं नाही.

हा सामना सलग 11 विजयांच्या मालिकेतला. लीगमधले पहिले 18 सामने मुंबई हरली नाही. 11 फेब्रुवारीला फातोर्ड्यात गोव्याला 5-3 नं हरवलं आणि दोन सामने हातात ठेवून शील्ड पक्की केली. 20 सामन्यांत 46 गुण, 54 गोल. 19 फेब्रुवारीला, शिवजयंतीच्या दिवशी, घरच्या मैदानावर ईस्ट बंगालनं 1-0 नं हरवलं तरी शील्ड उचलताना मैदान दणाणून गेलं. त्या पराभवाचं मला फार वाटलं नाही. काम झालेलं होतं.

किंवा झालं असायला हवं होतं.

माझी तक्रार इथून सुरू होते. 20 सामन्यांची लीग संपल्यावर आयएसएलनं प्लेऑफ खेळवले आणि त्याच्या विजेत्याला ‘चॅम्पियन’ म्हटलं. या हंगामात तर प्लेऑफचा दरवाजा चारवरून सहा संघांपर्यंत रुंद केला. 11 पैकी सहा! 7 मार्चला, धुलिवंदनाच्या दिवशी, उपांत्य फेरीचा पहिला सामना अंधेरीत झाला. बेंगळुरूकडून सुनील छेत्री बदली म्हणून उतरला आणि 78 व्या मिनिटाला कॉर्नरवर हेडरनं गोल करून गेला. मुंबईच्या बचावात त्या क्षणी ढिलाई होती, हे मान्य. परतीच्या सामन्यात मुंबईनं 2-1 असा विजय मिळवला, एकूण 2-2. मग पेनल्टी, बेंगळुरू 9-8. मेहताब सिंगनंच मुंबईचा दुसरा गोल करून टीमला जिवंत ठेवलं होतं आणि त्याचीच पेनल्टी बेंगळुरूचा गोलकीपर गुरप्रीतनं अडवली. माझी लेक त्या रात्री जेवली नाही.

बेंगळुरूवर माझा राग नाही, त्यांनी नियमांत राहून झुंज दिली. राग नियमांवर आहे. पुढे अंतिम सामन्यात एटीके मोहन बागाननं बेंगळुरूला पेनल्टींवर हरवलं आणि ते चॅम्पियन झाले. त्यांचे लीगमधले गुण 34. मुंबईपेक्षा 12 कमी. पाच महिने प्रत्येक गावात जाऊन सगळ्यांशी दोनदोनदा खेळून जो पहिला आला त्याला 3.5 कोटींचं बक्षीस, आणि प्लेऑफचे मोजके सामने जिंकणाऱ्याला 6 कोटी. शाळेतल्या मुलाला वर्षभराच्या परीक्षांत पहिला आल्यावर, खरा निकाल आता शेवटच्या आठवड्यातल्या स्पर्धेवर लागेल, असं आपण सांगू का? जगातल्या बहुतेक मोठ्या फुटबॉल लीगमध्ये तक्त्यात पहिला तोच विजेता. प्लेऑफमध्ये थरार असतो हे मी नाकारत नाही. तो थरार वेगळ्या चषकासाठी ठेवायला हवा होता. लीगचा मान शील्डला द्यायला हवा होता.

थरारातून काय उद्भवू शकतं हेही याच हंगामात दिसलं. 3 मार्चच्या बेंगळुरू-केरळा बाद सामन्यात छेत्रीनं जादा वेळेत फ्री किक चटकन मारली, गोल दिला गेला, आणि केरळचे खेळाडू मैदान सोडून गेले. पुढे क्लबला 4 कोटींचा दंड आणि प्रशिक्षक वुकोमानोविच यांना 10 सामन्यांची बंदी झाली. मैदान सोडणं चूकच. मुलांना मी हेच सांगतो, शिट्टी वाजेपर्यंत खेळायचं, आणि वाजल्यावरही वाद घालायचा नाही. पण एका सामन्यावर पाच महिन्यांचं सगळं टांगून ठेवल्यावर माणसं अशी फुटतात, याचा विचार लीग चालवणाऱ्यांनी करायला हवा. व्हीएआर (व्हिडिओ पाहून पंचांना मदत) नव्हता, हे तर आहेच.

तक्त्याच्या तळाशीही तेच. नॉर्थईस्ट युनायटेडला 20 सामन्यांत 5 गुण मिळाले, एकच विजय. खालच्या लीगमध्ये घसरण्याची भीती नव्हती, त्यामुळे फेब्रुवारीत काही सामने कुणासाठीच महत्त्वाचे उरले नाहीत, आणि तिकीट काढून येणाऱ्या माणसावर हा अन्याय होता. आय-लीग ही खालची लीग 2022-23 मध्ये जिंकून पंजाबचा संघ वर आला ही चांगली सुरुवात होती. वरून खाली जायचा रस्ताही उघडायला हवा होता. कोल्हापुरात खालच्या गटात जाण्याच्या भीतीनं खेळणारी पोरं मी पाहिली आहेत, शेवटच्या मॅचला ती जीव तोडून खेळतात.

शील्डचं एक मोल मात्र कुणी काढून घेऊ शकलं नाही. तिच्या जोरावर मुंबईला आशियाई चॅम्पियन्स लीगच्या जागेसाठी खेळता आलं, आणि 4 एप्रिलला केरळमधल्या मंजेरीत आधीच्या शील्ड विजेत्या जमशेदपूरला 3-1 नं हरवून त्यांनी ती जागा घेतलीही.

जाणाऱ्यांसाठी थोडं. मध्य रेल्वेवरून येणाऱ्यांनी घाटकोपरला उतरून मेट्रो धरावी, अंधेरीच्या पुढचं आझाद नगर स्टेशन, तिथून चालत. त्या हंगामात सामने बहुतेक साडेसातला सुरू व्हायचे आणि साडेनऊच्या आसपास सुटायचे, त्यामुळे डोंबिवली-कल्याणची माणसं वेळेत घरी पोचायची. लहान मुलं दुसऱ्या दिवशी शाळेत पेंगतात, म्हणून शनिवार-रविवारचा सामना निवडा. गजर करायचा असेल तर गोलमागे ब्रिगेडजवळ बसा. खेळ शिकायचा असेल तर लांबीच्या बाजूला, मध्यरेषेच्या जवळ आणि जमेल तितक्या वरच्या ओळीत. तिथून चारही बॅकची रेघ दिसते. सामन्याच्या तासभर आधी आत गेलात तर वॉर्म-अप बघायला मिळतो. गोलकीपर शिकत असलेल्या मुलाला त्यातून खूप कळेल.

खेळाला आणि मैदानाला माझे पाचपैकी पाच. लीगच्या रचनेला दोन, आणि तेही चार परदेशींच्या नियमामुळे.