रूटलेस कंटेनरमध्ये बीक्यूएन: काही महिन्यांच्या वापरानंतर

लिखाण लांबलंय, म्हणून मत आधीच सांगून टाकतो. बीक्यूएन ही प्रोग्रॅमिंग भाषा माझ्याकडे आता मुक्कामाला आहे. लॉग चाळणं, आकडे मोजणं, छोटी गणितं, अशा कामांना हात आपोआप तिच्याकडेच जातो. ती कंटेनरमध्ये, म्हणजे बाकीच्या मशीनपासून वेगळ्या बंदिस्त जागेत, चालवण्याचं मात्र तसं नाही. मेमरीचा हिशोब नीट बसेपर्यंत ती नुसती कटकट आहे, बसल्यावर चांगली सोय आहे. या पोस्टमधली बरीचशी जागा त्या हिशोबानेच खाल्ली आहे.

नाव नवीन असेल तर थोडक्यात ओळख. बीक्यूएन ही एपीएल या चिन्हांनी लिहायच्या जुन्या अ‍ॅरे भाषेच्या (अ‍ॅरे म्हणजे यादी किंवा तक्ता) घराण्यातली, मार्शल लॉकबॉम यांनी २०२० मध्ये आणलेली भाषा. घराण्याचं मूळ केनेथ आयव्हर्सन यांच्या १९६२ च्या पुस्तकात आहे. एपीएलमध्ये तिरकी रेघ कधी यादीची गोळाबेरीज करते, तर कधी यादीतून निवड करते, आणि डावीकडे काय आहे हे कळल्याशिवाय ओळ नीट वाचताच येत नाही. बीक्यूएनने ही दोन कामं तोडली: गोळाबेरजेला ´ आणि निवडीला /. नावाचं पहिलं अक्षर कॅपिटल असेल तर ते फंक्शन, स्मॉल असेल तर साधी किंमत. त्यामुळे कोड चालवून न पाहताही ओळीची रचना कळते. कागदावर ही बारीकसारीक सुधारणा वाटते, पण आपणच लिहिलेली ओळ आठवड्याने उघडली की तिची किंमत कळते.

सरासरी काढायची तर +´÷≠ एवढंच: बेरीज, भागिले, लांबी. गणित उजवीकडून डावीकडे चालतं, म्हणून २×३+४ चं उत्तर १४ येतं, १० नाही. याची सवय लवकर होते. सवय होत नाही ती ट्रेनची, म्हणजे फंक्शनं नुसती शेजारी शेजारी ठेवून नवं फंक्शन बनवण्याची. एक्झिट कोडच्या (प्रोग्रॅम संपताना मागे ठेवतो त्या आकड्याच्या) यादीत कुठला कोड किती वेळा आला हे मोजायला ≠¨∘⊔∘⊐ पुरतं: वर्ग पाडा, गट करा, प्रत्येक गटाची लांबी घ्या. आता यातली फंक्शनं एकामागून एक जोडणारी दोन्ही ∘ गळाली आणि ≠¨⊔⊐ राहिलं, तर एरर येत नाही. मधलं ⊔ दोन बाजूंच्या उत्तरांवर चालतं आणि दोन तुकड्यांची यादी हातात पडते, पहिला तुकडा रिकामा आणि दुसऱ्यात वर्गांचे क्रमांक. बिनतक्रार चुकीचं उत्तर. या भाषेबद्दल माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे, आणि टायपांची तपासणी नसलेल्या भाषेत ती मिटेल असं वाटत नाही. प्रत्येक ओळ आधी पाच-सहा आकड्यांच्या यादीवर चालवून बघायची, एवढाच उपाय आहे.

आता कंटेनर. तो कशाला हवा? सी-बीक्यूएन हा बीक्यूएनचा सीमध्ये लिहिलेला इंटरप्रिटर, म्हणजे कोड चालवणारा प्रोग्रॅम, सी कंपायलरवर झटपट बांधून होतो, वेगळं काही लागत नाही. पण वेगवेगळ्या मशीनवर तीच आवृत्ती हवी, स्क्रिप्टला होम डिरेक्टरीत मोकळं रान नको आणि मेमरी खाल्लीच तर तिने स्वतःपुरती खावी. डीमन (सतत मागे चालणारी सेवा) नको, रूट (सर्वाधिकारी युजर) नको, म्हणून पॉडमन हे कंटेनर चालवणारं साधन घेतलं. रूटशिवाय चालतो तो रूटलेस कंटेनर.

खरी मजा मेमरीत आहे. अ‍ॅरे भाषेत लूप लिहीत नाहीत. सगळ्या जोड्या एकदम मांडायच्या आणि त्यातून हवं ते उचलायचं. वीस हजार आकड्यांच्या यादीवर =⌜˜ चालवलं की चाळीस कोटी उत्तरं होतात. सी-बीक्यूएन शून्य-एकच्या अ‍ॅरेला घटकामागे एकच बिट देतं, त्यामुळे हे सगळं ५० एमबीत मावतं. त्याच ओळीत = च्या जागी + टाका. बेरजा ३२ बिटांत मावणाऱ्या असतील तर १.६ जीबी लागतात, दशांश असतील तर ३.२ जीबी. कंटेनरला १ जीबीची मर्यादा असेल तर पहिली ओळ डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर देते आणि दुसरी मरते. फरक एका चिन्हाचा.

आणि मरते तीही मुकाट्याने. प्रोग्रॅमने मेमरी मागितली की कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) सहसा हो म्हणून टाकतो, हिशोब लागतो तो मेमरीची पानं प्रत्यक्ष वापरात आल्यावर. सीग्रुपची (कंटेनरला मेमरी ठरवून देणाऱ्या कर्नलच्या सोयीची) मर्यादा भरली आणि मोकळं करण्यासारखं काही उरलं नाही, की ओओएम किलर (मेमरी संपली की प्रोसेस मारणारा कर्नलचा भाग) थेट सिगकिल हा मारून टाकणारा सिग्नल पाठवतो. तो सिग्नल पकडता येत नाही, म्हणून इंटरप्रिटरला काही बोलायची संधीच मिळत नाही. प्रॉम्प्ट परत येतो आणि एक्झिट कोड १३७, म्हणजे १२८ अधिक ९. गंमत अशी की कंटेनर वेळेत थांबला नाही म्हणून सक्तीने मारला तरी कोड १३७ च येतो. कारण ओळखायचं तर पॉडमनच्या इन्स्पेक्ट कमांडमध्ये ओओएमची नोंद बघायची, किंवा सीग्रुप व्ही२ च्या मेमरी इव्हेंट्स फाइलमधला ओओएम-किलचा आकडा.

जुन्या एपीएलमध्ये अशा वेळी ‘वर्कस्पेस फुल’ अशी एरर येते. ती पकडता येते आणि कुठली ओळ अडली तेही दिसतं. तीच वागणूक इथेही मिळवता येते. सी-बीक्यूएनला सुरू करतानाच हीपची (चालू असताना मागून घेतलेल्या मेमरीची) कमाल मर्यादा मेगाबाइटमध्ये देता येते. ती कंटेनरच्या मर्यादेपेक्षा थोडी कमी ठेवायची, कारण हीपबाहेरही काही मेमरी जातेच. मग कर्नलच्या आधी भाषाच नाही म्हणते, ओळीसकट. माझ्या मते या अख्ख्या मांडणीतली सगळ्यात उपयोगी सेटिंग हीच, आणि कंटेनरमध्ये कुठलीही अ‍ॅरे भाषा चालवणाऱ्याने आधी असला पर्याय शोधावा. कंटेनरच्या आत मेमइन्फो ही मेमरीचे आकडे दाखवणारी फाइल बघून अंदाज बांधू नका, तिथे सहसा अख्ख्या मशीनचीच मेमरी दिसते.

याला जोडून स्वॅप, म्हणजे मेमरी अपुरी पडली की वापरली जाणारी डिस्कवरची जागा. मेमरीची मर्यादा दिली आणि स्वॅपची दिली नाही, तर दोन्ही मिळून दुप्पट धरलं जातं. म्हणजे ओळ मरतही नाही आणि पुढेही सरकत नाही, डिस्क मात्र राबत राहते. दोन्ही आकडे सारखे दिले की स्वॅप बंद. मला पटकन मेलेलं बरं वाटतं.

दुसरी ठेच सीपीयूची. सी-बीक्यूएनचा वेग बऱ्याच अंशी वेक्टर सूचनांवर (एका फटक्यात अनेक आकडे हाताळणाऱ्या सीपीयूच्या सूचनांवर) उभा आहे, आणि आपल्याच सीपीयूला साजेसा बिल्ड करायचा पर्यायही आहे. वेग छान मिळतो. पण तो बिल्ड असलेली इमेज (कंटेनरचा तयार साचा) जुन्या सीपीयूच्या मशीनवर नेली की इंटरप्रिटर ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून पडतो, एक्झिट कोड १३२. इमेज म्हणजे ‘कुठेही चालणारं’ असं आपण सर्रास म्हणतो, पण त्यात फाइली असतात, सीपीयू नसतो. कर्नलही यजमान मशीनचाच. फिरवायच्या इमेजसाठी सर्वसाधारण बिल्ड ठेवावा.

अल्पाइन या छोट्या लिनक्सच्या वाटेला जाणार असाल तर एक इशारा. जीलिबसी या नेहमीच्या सी लायब्ररीवर बांधलेली बायनरी तिथे नुसती उचलून ठेवली तर ‘नॉट फाउंड’ येतं, आणि फाइल तर समोर दिसत असते. सापडत नाही तो लोडर (बायनरी सुरू करून देणारा प्रोग्रॅम), कारण अल्पाइन मसल या वेगळ्या सी लायब्ररीवर चालतं. तिथेच बांधून घ्या, नाहीतर डेबियनची छोटी इमेज घ्या. मी डेबियनवर आहे.

सतत चालणारी स्क्रिप्ट थांबवताना दहा सेकंद लागतात, ती का? आतली प्रोसेस पीआयडी १, म्हणजे पहिल्या नंबरची प्रोसेस, असते. सिगटर्मसाठी (थांबण्याच्या विनंतीच्या सिग्नलसाठी) स्वतःचा हँडलर नसेल तर पीआयडी १ ला तो सिग्नल लागूच पडत नाही, आणि मुदत संपली की सिगकिल बसतो. इनिटचा (सिग्नल पुढे पोचवणाऱ्या छोट्या पहिल्या प्रोसेसचा) पर्याय देऊन चालवा, प्रश्न मिटतो, झोंबी (संपूनही यादीत राहिलेल्या) प्रोसेसही साचत नाहीत.

फाइलींची मालकी हे रूटलेसचं नेहमीचं कोडं. आतल्या १००० नंबरच्या युजरने लिहिलेली फाइल बाहेर १००९९९ च्या नावावर दिसते, अर्थात सबयूआयडीची (आपल्या नावे दिलेल्या जादा युजर नंबरांची) रेंज १००००० पासून सुरू होत असेल तर. आतला रूट म्हणजे बाहेरचे आपण, आणि त्याच्या पुढचे नंबर रेंजमधून ओळीने. युजर नेमस्पेसला (आतल्या-बाहेरच्या नंबरांची जोडी लावणाऱ्या सोयीला) ‘कीप-आयडी’ दिलं की फाइली आपल्या नावावर येतात. मी ते शेल अलायसमध्येच टाकून ठेवलंय.

चिन्हांचा त्रास अपेक्षेपेक्षा कमी झाला. फॉन्ट टर्मिनलचा, म्हणजे बाहेरचा, त्यामुळे इमेजमध्ये काही घालावं लागत नाही. लोकेल (भाषा आणि अक्षरांची सेटिंग) मात्र यूटीएफ-८ करावं लागतं, नाहीतर लेस या फाइल बघायच्या प्रोग्रॅममध्ये ⌽ च्या जागी तीन बाइटांचे हेक्स आकडे दिसतात. टाइप करताना आधी बॅकस्लॅश आणि मग त्या चिन्हाची की दाबायची, बोटांना हे लवकर जमतं.

लायब्ररी मोजक्याच आहेत. नेटवरून काही आणायचं असेल तर मी बाहेरच्या कमांडला हाक मारून तिचं आउटपुट वाचतो. कोणाला यात आख्खं अ‍ॅप्लिकेशन उभारायचं असेल तर माझ्याकडून शुभेच्छा, मी नाही करणार.

शेजारीच वीवाचाही कंटेनर आहे. ही २०२३ ची, रस्टमध्ये लिहिलेली, स्टॅकवर चालणारी अ‍ॅरे भाषा. तिच्यात शब्द टाइप केले की फॉरमॅटर त्यांची चिन्हं करतो, त्यामुळे नवख्याला ती सोपी जाते. भाषा अजून बदलते आहे आणि नव्या आवृत्तीत जुना कोड मोडू शकतो. तिथे कंटेनरबद्दल माझी काहीच तक्रार नाही. प्रत्येक प्रयोगाशेजारी त्याच्या वेळच्या इंटरप्रिटरची इमेज टॅग लावून ठेवली आहे, आणि जुनी फाइल उघडली की तिच्याच इमेजमध्ये चालवतो.