पहिलं वाद्य: तबला की पखवाज?

भजनी मंडळात रमलेला भाचा विचारतोय, आधी काय घेऊ?

पखवाज म्हणजे एकसंध लाकडाचं आडवं खोड, दोन्ही तोंडांना कातडं. डाव्या तोंडाला, म्हणजे धुमेला, दर वेळी ओली कणीक थापायची. गोळा कमी पडला तर पोकळ वाजतं, जास्त झाला तर नाद बसतो. वाजवून झालं की खरवडून कातडं पुसायचं. खटाटोप आहे खरा, पण छातीत घुमणारा तो 'धा' कणकेशिवाय येतच नाही. तबल्याच्या जोडीतल्या डग्ग्याला, म्हणजे डाव्या हाताच्या वाद्याला, शाईचा काळा लेप कायमचा. गवसणीतून काढला की तयार.

हाताचं म्हणशील तर पखवाजाला उघड्या पंजाची थाप हवी, तबल्याला बोटांची सफाई. वादीखालचे लाकडी गट्टे ठोकून सूर दोन्हींत लावायचा. मात्र गाणाऱ्याची पट्टी, म्हणजे सुराची उंची, फार बदलली की दुसरा तबला लागतो. पुडी, म्हणजे तोंडावरचं कातडं, फाटली की खर्च दोन्हीकडे आहेच.

दिंडीत चालताना पखवाज गळ्यात अडकवता येतो, तबल्याला बैठक लागते.

ख्याल, गझल, नाट्यगीताची साथ करायची असेल तर तबला घे. अभंग आणि वारीत जीव असेल, पुढे धृपद या जुन्या शास्त्रीय गायनप्रकाराच्या साथीकडे वळायचं असेल, तर पखवाजच. तुझ्यासाठी मी पखवाज म्हणेन.