जीटीसाठी रॉड: हँडलजवळ जोड की मधोमध?
बडोद्याहून अंदमानला जीटी (जायंट ट्रेव्हली हा मोठा, ताकदवान समुद्री मासा) धरायला जायचं, तर १५० ग्रॅमचा पॉपर (पाण्यावर उसळणारं नकली आमिष) दिवसभर फेकता येईल असा ८ फुटी, पीई ८ (विणलेल्या दोरीच्या जाडीचा क्रमांक) दोरीसाठीचा रॉड हवा. प्रश्न उरतो रॉडचे दोन तुकडे जिथे जुळतात त्या जोडाचा. हँडलजवळ जोड असला की वरचा भाग एकसंध राहतो, सलग वाकतो. मासा खडकाकडे पळाला की हे फार कामी येतं. पण तो वरचा तुकडा जवळपास ६ फुटी, विमानात बहुधा जादा भाडं.

मधल्या जोडाचा रॉड सव्वाचार फुटांत मावतो. फेकताना मात्र जोड हळूहळू फिरून सैल होतो, आणि सैल जोडावर जोर पडला की ब्लँक (रॉडची मूळ काठी) तिथेच चिरतो. म्हणून जोडाला आधी मेण चोळा, दर १५-२० फेकींनी गाइड (दोरी ओवायच्या कड्या) एका रेषेत आहेत का ते पाहा. एवढं पाळणार असाल तर बडोदेकरांनी मधल्या जोडाचाच घ्यावा.