अपडेट फसलं, विंडोज उघडेना: अनइन्स्टॉल, रिस्टोअर, रिसेट की फॉरमॅट?

अपडेट अर्धवट राहिलं आणि विंडोज ११ सुरू होईना, की बहुतेक जण थेट ‘फॉरमॅट मारू’वर येतात. तो शेवटचा उपाय. आधी रिकव्हरीचा पडदा गाठा. लोगो दिसला की पॉवर बटण दहा सेकंद दाबून मशीन बंद करा. असं दोन-तीनदा केलं की तो आपोआप येतो. मात्र अपडेटची टक्केवारी दिसत असेल आणि डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तर हात लावू नका. जुन्या हार्ड डिस्कवर तासभरही लागतो.

ट्रबलशूटमधून अॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये गेलात की खरी निवड सुरू होते. स्टार्टअप रिपेअर एकदा चालवून बघा, पण तो मुख्यतः विंडोज सुरू करणाऱ्या (बूटच्या) फाइल्स सुधारतो. खराब अपडेट काढेलच असं नाही. त्यासाठी अनइन्स्टॉल अपडेट्स. दर महिन्याचं अपडेट असेल तर ‘क्वालिटी’, आवृत्तीच बदलली असेल तर ‘फीचर’ निवडा. फीचर अपडेट साधारण १० दिवसांतच मागे घेता येतं आणि त्यासाठी जुनी आवृत्ती जपणारा ‘विंडोज डॉट ओल्ड’ फोल्डर शिल्लक लागतो. जागा हवी म्हणून तो पुसला असेल तर ही वाट बंद.

हे जमलं नाही तर सिस्टिम रिस्टोअर, म्हणजे आधी जपलेल्या स्थितीकडे (रिस्टोअर पॉइंट) परत जाणं. तुमच्या फाइल्सना धक्का नाही, फक्त रिस्टोअर पॉइंटनंतर टाकलेले प्रोग्राम आणि ड्रायव्हर जातात. अडचण एकच: अनेक मशीनवर ही सोय बंदच असते, मग यादीत पॉइंटच नसतो.

रिसेट म्हणजे विंडोज पुन्हा नव्याने टाकणं. त्यातले ‘कीप माय फाइल्स’ हे शब्द फसवे आहेत. फोटो, कागदपत्रं राहतात; पण टॅली, प्रिंटरचे ड्रायव्हर, मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर सगळं पुन्हा टाकावं लागतं. एखादं जुनं सॉफ्टवेअर डेटा ‘प्रोग्राम फाइल्स’मध्येच ठेवत असेल तर तो आधी बाहेर काढा. अॅडव्हान्स्ड ऑप्शन्समधल्या कमांड प्रॉम्प्टमधून नोटपॅड उघडा. त्याच्या ‘ओपन’ खिडकीतून फाइल पेन ड्राइव्हवर कॉपी करता येते. ‘ऑल फाइल्स’ निवडायला विसरू नका. क्लाउड डाउनलोड (विंडोज इंटरनेटवरून उतरवणं) निवडल्यास ४ जीबीच्या वर डेटा लागू शकतो, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर विचार करा.

आणि विंडोज टाकण्याचा पेन ड्राइव्ह? किमान ८ जीबीचा, दुसऱ्या संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने बनवलेला. त्यावरून बूट केलं म्हणजे फॉरमॅटच करायचं असं नाही. दुरुस्तीचा पर्याय निवडला की अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स तिथेही मिळतात. ऑक्टोबर २०२५च्या एका अपडेटनंतर विंडोज ११च्या रिकव्हरी पडद्यावर यूएसबी कीबोर्ड-माउसच चालेनात. २० ऑक्टोबरला मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती दिली, पण मधल्या काळात असा ड्राइव्ह जवळ असलेल्यांचं निभावलं.

कुठलीही वाट धरा, बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. फोनवरून मायक्रोसॉफ्ट खात्यात बघून ती कागदावर उतरवून ठेवा.

मशीन सुरू झालं की सेटिंग्जमध्ये अपडेट्स आठवडाभर ‘पॉज’ करा, नाहीतर तेच अपडेट रात्रीत पुन्हा उतरेल.