ट्रेलरच्या पडद्याची दोरी तुटली: नवी ओवायची की रोलर लावायचा?

अमेरिकेत जुना कॅम्पर ट्रेलर (गाडीमागे ओढायचं फिरतं घर) घेतलेला एक मित्र पेचात आहे. खिडकीच्या घड्यांच्या पडद्यातून ओवलेली दोरी तुटली आणि तो एका बाजूने लोंबतोय. दुरुस्त करावा की नळीवर गुंडाळले जाणारे रोलर पडदे आणावेत?

खर्चात तुलनाच नाही. दोरी काही डॉलरांत येते, रोलरला दर खिडकीमागे त्याच्या कितीतरी पट मोजावे लागतात.

मेहनत मात्र दोरीलाच जास्त, आणि तीही किचकट. पडदा उतरवून टेबलावर आडवा ठेवा, जुनी दोरी कुठून कशी गेली आहे त्याचा आधी फोटो काढा. नवी दोरी पॉलिएस्टरची, जुनीइतकीच जाड घ्या. नायलॉन ताणून सैल पडतो. खरी परीक्षा ताणाची. जास्त झाला तर पडदा रखडतो, कमी झाला तर आपोआप खाली घसरतो. रोलरला मोजमाप चोख हवं, आणि ट्रेलरची भिंत पातळ असल्याने स्क्रू आतल्या लाकडी पट्टीतच बसला पाहिजे. नाहीतर रस्त्यावरच्या हादऱ्यांनी निघालाच म्हणून समजा.

टिकाऊपणा कापडावर ठरतो. एक घडी चिमटीत दाबून पाहा. कडकड वाजली किंवा चीर गेली, तर उन्हाने कापड संपलंय. मग दोरी ओवणं व्यर्थ. रोलरला ओवायची दोरी नाही, पण चालत्या गाडीत तो हलतो आणि कडांनी उजेड आत येतो.

कापड धड असेल आणि एक-दोनच खिडक्या असतील, तर दोरीच ओवा. सगळेच पडदे जीर्ण असतील आणि ट्रेलर बरीच वर्षं वापरायचा असेल, तर रोलर घ्या. ट्रेलर लवकरच विकायचा असेल आणि कापड धड असेल, तर अर्थातच दोरी.