गुडघा बदलायला लेस्टरहून मिरजेला: सात-आठ महिन्यांनंतर काय वाटतं

आधी निकाल सांगून टाकते, कारण अर्धे लोक तेवढंच वाचणार हे माहितेय. ऑपरेशनला पाचपैकी पाच. ऑपरेशननंतर माहेरी काढलेल्या दिवसांना सहा देता आले असते तर सहा दिले असते. आणि इंग्लंडात लेस्टरला परत आल्यावर त्या गुडघ्याचा वाली कोण, याला दोन, तेही आमच्या जीपीकडच्या (म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडच्या) नर्सबाई भल्या आहेत म्हणून.

माझी साठी जवळ आलेली, शुगर आहे पण कंट्रोलमध्ये, उजवा गुडघा पार गेलेला. एक्सरेत हाडाला हाड लागलेलं, फोर्थ ग्रेड. इथे एनएचएसमध्ये, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेत, रस्ता सगळ्यांचा एकच असतो, आधी जीपी, मग फिजिओ, मग एक्सरे, मग स्टिरॉइडचं इंजेक्शन, मग ऑर्थोपेडिकला रेफरल आणि मग नुसतं बसायचं वाट बघत. नियम असा की रेफरलपासून १८ आठवड्यांत १०० पैकी ९२ पेशंटचे उपचार सुरू झाले पाहिजेत, पण इंग्लंडमध्ये हे टार्गेट २०१६ नंतर गाठलंच गेलेलं नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये तर सगळी वेटिंग लिस्ट मिळून पाऊण कोटीच्या वर गेली होती आणि त्यात सगळ्यात मोठी रांग हाडांच्या डॉक्टरांचीच. गंमत बघा, खुबा बदलायचं आजचं ऑपरेशन ज्यावरून आलं ते याच देशातलं, लँकेशायरच्या रायटिंग्टन हॉस्पिटलमध्ये जॉन चार्नली यांनी १९६२ मध्ये सुरू केलेलं, आणि इथलीच माणसं आता त्यासाठी देशाबाहेर पळतायत. आमच्या ऑफिसातली एक इंग्रज बाई लिथुआनियाला काउनसला जाऊन खुबा बदलून आली, एकदम खूश आहे. तिच्यामुळेच माझ्या डोक्यात किडा शिरला.

इथे प्रायव्हेटला एका गुडघ्याचे चौदा-पंधरा हजार पौंड सांगत होते. म्हणजे पंधरा लाखांच्या वरच. मी पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलला मेल टाकला तर त्यांनी इंटरनॅशनल पेशंट म्हणून पॅकेज पाठवलं, त्यात एअरपोर्ट पिकअप, डीलक्स रूम, एका नातेवाइकाचं जेवण, शहर फिरवून आणणं (गुडघा बदलून शहर कोण फिरतं?) आणि आकडा तिथल्या लोकल पेशंटच्या जवळजवळ दुप्पट. पासपोर्ट कुठला आहे त्यावर गुडघ्याचा रेट. मग दादा म्हणाला तू पुण्यात कशाला तडमडतेस, मिरज काय मेलीय का. माझं माहेर सांगली. बाहेरच्यांना माहीत नसतं म्हणून सांगते, मिरज हे दवाखान्यांचं गाव आहे, वॉन्लेस साहेबांनी १८९४ साली मिशन हॉस्पिटल काढलं तेव्हापासून. अजूनही बेळगाव, विजापूर, कोकण, गोवा असे चारी बाजूंनी पेशंट येतात. तिथल्या एका मध्यम आकाराच्या हॉस्पिटलमध्ये मला गावातल्या माणसाचाच रेट लागला आणि खोली, सर्जन, इम्प्लांट, औषधं धरून बिल अडीच लाखांच्या आत आलं. विमान, रेल्वे, घरी येणारा फिजिओ सगळं धरलं तरी इथल्या प्रायव्हेटच्या निम्म्याहून बरंच कमी.

इम्प्लांटबद्दल थोडं जास्त लिहिते कारण खरी घासाघीस तिथे असते. २०१७ च्या ऑगस्टमध्ये भारत सरकारने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतीवर मर्यादा घातली, साध्या कोबाल्ट क्रोमियमच्या गुडघ्याला ५४,७२० रुपये आणि वर जीएसटी. त्याआधी त्याचेच दीड लाखाच्या वर लावले जायचे. त्यामुळे आता इम्प्लांटवर कमावता येत नाही म्हटल्यावर बाकीच्या गोष्टी पुढे येतात. कुणी म्हणतं रोबोटिक करा, त्याचे वेगळे पैसे. माझ्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं की रोबो हा कापण्याचा अचूकपणा वाढवायचं साधन आहे, ऑपरेशन सर्जनच करतो, आणि तुमच्या गुडघ्यात वाकडेपणा फार नाही. मला हे आवडलं. दुसरं म्हणजे दोन्ही गुडघे एकदमच उरकून घ्या असा आग्रह, आपल्याकडे हे फार चालतं, कारण एकदाच भूल, एकदाच सुट्टी. मी नाही म्हटलं. डावा अजून चालतोय आणि दोन्ही पाय एकदम गेले तर टेकायचं कशावर.

मी एकच हट्ट धरला, इम्प्लांट अशा कंपनीचं पाहिजे जे ब्रिटनमध्येही वापरतात. उद्या पंधरा वर्षांनी काही बिघडलं तर इथल्या सर्जनला त्याचे सुटे भाग मिळाले पाहिजेत. आणि ऑपरेशननंतर इम्प्लांटच्या खोक्यावरचे स्टिकर फाइलमध्ये चिकटवून घ्या. माझ्या फाइलच्या शेवटच्या पानावर चार स्टिकर आहेत, मांडीच्या हाडाकडचा, नडगीकडचा, मधल्या प्लास्टिकचा आणि सिमेंटचा, प्रत्येकावर साइज आणि लॉट नंबर. इंग्लंडमध्ये बदललेल्या गुडघ्या-खुब्यांची नोंद २००३ पासून नॅशनल जॉइंट रजिस्ट्रीत होते, पण बाहेरून करून आलात तर तुमचा गुडघा त्यात नसतो, तुमची रजिस्ट्री म्हणजे ते पान. मी त्याचे फोटो काढून तिघांना पाठवून ठेवलेत.

जायची वेळ हिवाळ्याची धरली. पावसाळ्यात सांगली नकोच, २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी कुठवर आलं होतं ते सगळ्यांनी बघितलंय, वॉकर घेऊन गच्चीवर कोण चढणार. मुंबईहून महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडली, एसीचा खालचा बर्थ, सकाळी सांगली. रोडने आले असते तर आठ तास पाय दुमडून बसावं लागलं असतं. ओसीआय कार्ड (परदेशी पासपोर्ट घेतलेल्या भारतीयांना मिळतं ते) असल्यामुळे व्हिसाची भानगड नव्हती, ज्यांच्याकडे नाही त्यांनी मेडिकल व्हिसाच काढा.

ऑपरेशनचं फार सांगण्यासारखं नाही. कमरेत इंजेक्शन, अर्धवट झोप, कुणीतरी सुतारकाम करतंय असा आवाज, संपलं. दुसऱ्या दिवशी उभं केलं. दुसऱ्या रात्री पाय बधिर ठेवणारा ब्लॉक उतरला तेव्हा मात्र आई आठवली, इथे इंग्लंडमध्ये दुखण्यावर सढळ हाताने औषध देतात तसं तिथे देत नाहीत, पॅरासिटामॉलची बाटली आणि वर थोडं काहीतरी. हे आधी विचारून ठेवा, भूलतज्ज्ञांना वेगळं भेटून विचारा. आणि पेशंटजवळ चोवीस तास एक माणूस लागतोच, खालच्या मेडिकलमधून औषध आणायला, डिपॉझिट भरायला, नर्सला हाक मारायला. ज्यांचं तिथे कुणीच नाही त्यांना हे जमायचं नाही.

आता मुख्य गोष्ट. लोक ऑपरेशनची तुलना करतात, कुठलं हॉस्पिटल, कुठला सर्जन, किती पैसे. गुडघ्याच्या बाबतीत तुलना करायची ती टाके काढल्यानंतरच्या दोन महिन्यांची. खुबा बदललेला माणूस पुष्कळदा आपोआप सुधारतो, गुडघा नाही, तो रोज भांडून वाकवावा लागतो. लेस्टरमध्ये मला व्यायामाचा कागद मिळाला असता, अधूनमधून फिजिओची अपॉइंटमेंट, आणि दिवसभर घरात मी एकटी, नवरा शिफ्टवर. सांगलीत रोज सकाळी फिजिओ घरी यायचा, पंचविशीचा पोरगा, एका वेळचे पाचशे रुपये, खिशात कोन मोजायची प्लास्टिकची पट्टी. "काकू, काल ८५ होतं, आज ९० केल्याशिवाय मी चहा घेणार नाही." आणि खरंच घ्यायचा नाही.

वाकणं सगळे मोजतात, पण सरळ होणं जास्त महत्त्वाचं हे त्याने पहिल्या दिवशी सांगितलं, पाय पूर्ण सरळ झाला नाही तर जन्मभर लंगडत चालाल म्हणाला. त्यासाठी टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि गुडघा अधांतरी सोडून द्यायचा, दहा मिनिटं, तो आपल्या वजनाने खाली जातो. सोपं वाटतं ना? तिसऱ्या मिनिटाला मांडीच्या मागची शीर अशी ओढायला लागते की टॉवेल काढून फेकावासा वाटतो. वहिनी शेजारी मेथी निवडत बसायची आणि मी पाय काढू नये म्हणून मला अख्ख्या गल्लीच्या भानगडी सांगायची. जुडी संपेपर्यंत पाय काढायचा नाही असा आमचा करार होता आणि ती मुद्दाम मोठी जुडी आणायची. या गोष्टीचं बिल कुठल्याच पॅकेजमध्ये नसतं.

भेटायला येणारे हा वेगळा विषय. शहाळी, चिकू, आणि प्रत्येकाच्या ओळखीत एक असा माणूस ज्याचा गुडघा बदलून बिघडलाय. शिवाय "तेलाने चोळ, मोकळा होईल". नव्या जखमेच्या आसपास कुणालाही चोळू देऊ नका, कितीही मोठी आत्या असो. दादाने शेवटी पहिले दोन आठवडे दारावर पाटी लावली, इन्फेक्शनचं कारण सांगून. दोघी-तिघी रुसल्या, त्यांची समजूत अजून काढतेय.

परतीचं विमान. गुडघा-खुब्याच्या ऑपरेशननंतर पायात रक्ताची गुठळी व्हायची भीती असते, म्हणून लांबचा प्रवास साधारण तीन महिने टाळा असं सांगतात. म्हणजे "तीन आठवड्यांत जाऊन या" अशी जाहिरात करणाऱ्यांना विचारा की नऊ-दहा तासांच्या विमानाचं काय. मी थांबले. तेवढी रजा मिळणं ही खरी अडचण आहे, आजारपणाची की बिनपगारी यावर आमच्या एचआरशी बरीच मेलामेली झाली, ते जायच्या आधी लेखी घ्या. येताना व्हीलचेअर असिस्टन्स, कडेची सीट, दाबाचे मोजे, तासातासाला उठून फेरी. सिक्युरिटीत दार वाजतं, गुडघ्यावर टिचकी मारून दाखवली की हसतात आणि हाताने तपासून सोडतात.

इथे आल्यावरचे दोन स्टार का ते सांगते. एनएचएस इमर्जन्सीत बघतेच, पण बाहेर करून आलेल्या ऑपरेशनचं नेहमीचं चेकअप, फिजिओ हे त्यांच्यावर बंधनकारक नाही. आल्यावर काही दिवसांनी पोटरी सुजली. गुठळीचा संशय आला की रक्तातली डी-डायमर बघतात, पण ऑपरेशननंतर ती तशीही वाढलेली असते, त्यामुळे ती टेस्ट न करता थेट पायाची सोनोग्राफी केली, गुठळी नव्हती, नुसती सूज. पण तिथे "गेल्या वर्षभरात परदेशात हॉस्पिटलमध्ये दाखल होतात का" या प्रश्नाला हो म्हटल्याबरोबर मला बाजूच्या खोलीत बसवलं आणि स्वॅब घेतले, औषधांना दाद न देणारे जंतू आहेत का बघायला. मला आधी अपमान वाटला, मग नर्सने समजावलं की कुठल्याही देशात दाखल झालेल्या सगळ्यांचं असंच करतात. निगेटिव्ह आलं. एक्सरेची सीडी घेऊन गेले होते तर ती घालायला एकाही कॉम्प्युटरला जागा नाही. फिल्म आणा किंवा पेन ड्राइव्ह आणा, सीडी फक्त शोभेला. डिस्चार्ज समरी इंग्लिशमध्ये, टाइप केलेली, औषधांची जेनेरिक नावं असलेली घ्या, कारण आपल्याकडच्या गोळीचं ब्रँड नाव इथल्या केमिस्टला काही सांगत नाही. साधा ट्रॅव्हल इन्शुरन्स ठरवून केलेल्या ऑपरेशनची गुंतागुंत सहसा भरत नाही, तेही लक्षात ठेवा.

आजची स्थिती. १२० च्या आसपास वाकतो, पूर्ण सरळ होतो. जिना एकाआड एक पाय टाकून चढते, उतरताना कठडा लागतो. बाजारातून चालत येते. रात्रीची झोप परत आली हे सगळ्यात मोठं, ज्यांचा गुडघा रात्री ठणकतो त्यांनाच कळेल. व्रणाच्या बाहेरच्या बाजूला तळहाताएवढी जागा बधिर आहे, तिथली बारीक नस कापली जातेच, ते राहणार. थंडीत कट्‌ असा आवाज येतो. मांडी घालून बसत नाही, गुडघे टेकून नमस्कार नाही, गणपतीला खुर्चीवरूनच आरती.

जायचा विचार करणाऱ्यांनी आधी एक काम करा. इंग्लंडमध्ये जीपीकडून रेफरल घेताना हॉस्पिटल निवडायचा हक्क आहे, त्यात एनएचएसचं काम करणारी प्रायव्हेट हॉस्पिटलंही येतात आणि तिथली रांग कधीकधी बरीच लहान असते. हे आपणहून कुणी सांगत नाही, विचारावं लागतं. युरोपात जाणाऱ्यांसाठी एस-टू नावाची आधी मंजुरी घेऊन जायची सोय आहे, भारताला ती लागू नाही.

डाव्या गुडघ्याचं नाव मी तसंच इथल्याच एका हॉस्पिटलला घालून ठेवलंय. परत मिरजेला जायला मी एका पायावर तयार आहे, पण दादाचं गेल्या महिन्यात मोतीबिंदूचं झालंय, वहिनीची कंबर धरलीय, आणि फिजिओचा पोरगा कोल्हापूरला नोकरीला लागला. तीच माणसं नसतील तर नुसत्या स्वस्त ऑपरेशनसाठी मी एवढ्या लांब जाणार नाही, थांबेन रांगेत.