हेडफोनमधली सरसर: अटेन्युएटर की २५० ओहमचा हेडफोन?

बेळगावात, शहापुरातल्या घरी मल्टिट्रॅकवर (प्रत्येक आवाज वेगळ्या ट्रॅकवर घेणारा छोटा रेकॉर्डर) भजनं रेकॉर्ड करतो. पेटी थांबली की ३२ ओहमच्या (ओहम म्हणजे विद्युतरोधाचं माप) इयरफोनमध्ये सरसर ऐकू यायची. व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी तेवढीच! म्हणजे ती रेकॉर्डिंगमधली नाही, हेडफोनच्या ॲम्प्लिफायरची.

२५० ओहमच्या हेडफोनमध्ये ती बरीच दबते. पण तो महाग, आणि पखवाज वाजत असताना छोट्या रेकॉर्डरचा जोर त्याला पुरत नाही.

माझा कौल अटेन्युएटरला, म्हणजे रेकॉर्डर आणि इयरफोनच्या मधे लावायच्या, सिग्नल कमी करणाऱ्या जोडाला. २० डेसिबलचा लावला की सरसर आणि गाणं, दोन्हींचं व्होल्टेज दहाव्या हिश्शावर येतं. मग रेकॉर्डरचा व्हॉल्यूम वाढवायचा. गाणं वर येतं, सरसर खालीच राहते. नुसता १०० ओहमचा रेझिस्टर मात्र मधे जोडू नका, काही इयरफोनचा टोनच त्याने बदलतो.